लांब, आखूड आणि एक टिंब

५ जानेवारी

प्रिय मामा,

तुला आणि मामीला नमस्कार. हे पत्र मामीच्या भावाच्या बसमधून पाठवतेय. फोन नको. हल्ली फोन उचलला की आपल्या दोघांशिवाय तिसरं कुणीतरी श्वास घेत असतं. परवा मैत्रिणीला सर्दीवरचं औषध सांगत होते, तर तो मधेच शिंकला. टपालाचाही भरवसा नाही. मामीच्या भावाला मात्र वाचनाची अजिबात आवड नाही, त्यामुळे पत्र त्याच्या सीटखाली सुखरूप.

प्रदर्शनाचं ऐक. नवीन नियमाप्रमाणे उद्घाटनाआधी कला खात्याचा निरीक्षक येऊन गेला. तुला ठाऊक आहे, ह्या चित्रांवर मी दोन वर्षं घालवली. निवडणूक पुढे ढकलली, मग आणखी पुढे, मग तिचं नावच कुणी काढेना. मी शिकवते त्या कलाशाळेतल्या शिल्पकलेच्या सरांना भर वर्गातून उचलून नेलं. ते सगळं मी कॅनव्हासवर ओतलं. काळा, त्याच्यावर काळा, त्याच्यावर जरा वेगळा काळा. हसू नकोस. त्या दिवशी घरून निघताना मी पिशवीत जास्तीचे कपडे आणि दात घासायचा ब्रश भरला होता. म्हटलं, उचललंच तर तयारीत असावं.

निरीक्षक आला. बुटका, पोट सुटलेला, हातात केळं. केळं खात खात सगळ्या चित्रांपुढून फिरला. सगळ्यात मोठ्या काळ्यापुढे थांबला. मी पिशवी घट्ट धरली. म्हणाला, "बाई, इथे ओल आलीय वाटतं." आणि कागदावर लिहून गेला : 'हरकत नाही. चित्रांत काहीही नाही. निरुपद्रवी.'

निरुपद्रवी! मामा, झुरळालासुद्धा कुणी निरुपद्रवी म्हणत नाही.

ब्रश आणि कपडे घेऊन परत घरी आले. असा अपमान कुणाचा होऊ नये.

तुझी
खार

&nbsp;

१७ जानेवारी

लाडके खारूताई,

तुला आमच्या दोघांचा आशीर्वाद. त्या निरीक्षकाला मी ओळखत नाही, पण माणूस समजूतदार वाटतो.

राग येऊ दे. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून पाट्या रंगवतोय. 'केस कापून मिळतील' असं मी लिहिलं की रस्त्यापलीकडचा माणूस डोकं घेऊन आत येतो. तुझी चित्रं पाहून कुणी काय घेऊन आत यायचं? सरकारवर चिडलीस ना, मग सरळ लिही की 'मी सरकारवर चिडले आहे.' ठळक अक्षरांत लिही, खाली सावली दे. काळ्यावर काळा मारून कुणाला कळणार? मला विचारशील तर रंग फुकट गेला.

आमच्याकडे पाट्यांचा धंदा बसला. मशीनवर छापून मिळतात आता, गुळगुळीत, कणा नसलेल्या अक्षरांच्या. म्हणून मी नगरपालिकेचं काम धरलंय. भिंतींचं आहे. ह्याउपर विचारू नकोस, सांगण्यासारखं काही नाही.

मामीचा गुडघा तसाच आहे. तिची जीभ ठणठणीत आहे.

मामा

&nbsp;

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी भांडण, मग बातमी.

'भिंतींचं काम, विचारू नकोस.' मला कळत नाही असं वाटतं का तुला? निवडणूक पुढे ढकलणाऱ्या साहेबांचे चेहरे रंगवतोयस. देशातल्या प्रत्येक मोकळ्या भिंतीवर त्यांचं नाक उगवतंय, त्यातलं तुमच्या गावचं नाक तुझ्या हातचं असणार. पोट आहे, मामीची औषधं आहेत, सगळं कळतं मला. पण निदान नाक आहे तेवढं तरी काढ, दबून लहान करू नकोस.

आता बातमी. तुमच्या गावात एक थोर चित्रकार लपलाय आणि तुला पत्ता नाही! कुणीतरी तिथल्या भिंतींचे फोटो काढून आणलेत, कलाशाळेत ते हातोहात फिरतायत. लाकडाच्या वखारीच्या पांढऱ्या भिंतीवर फिक्या हिरव्याचा एक लांब चौकोन, शेजारी एक आखूड, आणि शेवटी एक गुबगुबीत टिंब. शाळेच्या कुंपणावर तेच, पण विटकरी. पाण्याच्या टाकीवर तेच, निळं. काय हात आहे! आमचे प्राध्यापक त्या टिंबाकडे पाहून डोळे पुसत होते. म्हणाले, "हा शून्याचा आक्रोश आहे." माझ्या मते लांब चौकोन म्हणजे सत्ता, आखूड म्हणजे माणूस, आणि टिंब म्हणजे मरण.

तो कोण आहे ते शोध. एकटा राहणारा, मितभाषी, परदेशात शिकून आलेला असावा असा आमचा अंदाज आहे.

खार

&nbsp;

२६ फेब्रुवारी

अगं गाढवे,

तो थोर चित्रकार मी.

आता बस आणि वाच. गेले काही महिने गावात कुणीतरी भिंतींवर डांबराने लिहितंय : 'निवडणूक कधी?' बस, एवढंच. कोण लिहितं ठाऊक नाही, पण अक्षर भिकार आहे, म्हणजे मी नाही. तर नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याने मला बोलावलं आणि सांगितलं, सकाळी लवकर फिरायचं, दिसेल तिथे रंग मारून झाकायचं. तुला सांगितलं नाही कारण लाज वाटली. जन्मभर अक्षरं काढली आणि ह्या वयात अक्षरं गाडत फिरतोय.

तर ऐक. तुझा तो लांब चौकोन म्हणजे 'निवडणूक'. आखूड म्हणजे 'कधी'. आणि तुझे प्राध्यापक ज्याच्याकडे बघून रडले ते प्रश्नचिन्ह. त्यांना म्हणावं, नाक शिंकरा.

रंगांचंही गूढ नाही. भिंतीला जुळणारा रंग मारा असा हुकूम आहे, पण कोठारात उरलेसुरले डबे आहेत : दवाखान्याचा हिरवा, कौलांचा विटकरी, पोहण्याच्या तलावाचा निळा. जो डबा उघडेल तो रंग. कडा सरळ आल्यात कारण मला वाकड्या काढता येत नाहीत. आणि परदेशात म्हणे! नदीपलीकडे गेलो तो तुझ्या आईच्या लग्नात, तेव्हाही बस लागली होती.

एक गंमत मात्र खरी. झाकून उपयोग होत नाही. अख्ख्या गावाला ठाऊक आहे खाली काय आहे. आमच्या न्हाव्याच्या आईला अक्षरओळख नाही. परवा ती टाकीपाशी उभी राहिली, माझ्या ठिगळांवर एकेक बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, "निवडणूक. कधी." डांबरात होतं तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. मी झाकलं, म्हणून वाचता आलं.

मी बादली घेऊन शेजारीच उभा.

मामा

&nbsp;

४ मार्च

प्रिय मामा,

पत्र वाचून इतकी हसले की घरमालकीण दार ठोठावायला आली. प्राध्यापकांना सांगितलेलं नाही. ते ह्या विषयावर भाषण देणार आहेत, त्यांचा हिरमोड कशाला करू?

पण हसून झाल्यावर झोप लागेना. एक विनंती आहे. भिंत पूर्ण रंगवत जाऊ नकोस. कुणी सांगितलं तरी म्हण, रंग पुरत नाही. ठिगळच मार, अक्षराच्या मापाचं. आणि एक विचारू? आता इतके दिवस झाले, अजूनही रंग डबाच निवडतो, की तू?

जपून राहा. तू बावळट आहेस असं त्यांना वाटत राहू दे. ते तुला जड जाणार नाही.

खार

&nbsp;

२ एप्रिल

खारूताई,

तुझ्या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष करतो.

इथे भलतंच सुरू झालंय. डांबरवाला थांबला. कंटाळला की पकडला गेला, देव जाणे. पण ठिगळं थांबली नाहीत! न्हाव्याने आपल्या दुकानाच्या शटरवर स्वतःच काढली : एक लांब, एक आखूड, एक टिंब. खाली काही नाही बरं का, कोऱ्या शटरवर. मग शिंप्याने दारावर काढली. मग औषधांच्या दुकानदाराने, आणि तो तर सरकारी कंत्राटं घेणारा माणूस. आता आमच्या गल्लीत ठिगळ नसलेलं दार शोधावं लागतं.

मुख्याधिकारी घाम पुसत आला. "हे पुसा."

मी म्हटलं, "कशाने?"

"रंगाने!"

मग मी न्हाव्याच्या ठिगळावर माझं ठिगळ मारलं. ते आणखी उठून दिसायला लागलं. मुख्याधिकाऱ्याने डोकं धरलं. आता चौकात नोटीस लागलीय : 'कोणीही विनाकारण रंग लावू नये.' लोक नगरपालिकेत रांग लावून विचारतायत की कारण कसं असलं म्हणजे चालेल. शिंप्याच्या बायकोने विचारलं, ओठांना लावला तर चालेल का.

तू विचारलंस ना, रंग कोण निवडतं. मामीला सांगू नकोस. दवाखान्यामागे एक भिंत आहे, जुनी, खरबरीत, दुपारनंतर तिच्यावर ऊन येतं. तिथे मी आधी फिक्या हिरव्याचा हात दिला, तो सुकायच्या आत वरून विटकरी, आणि खालची कड ओघळू दिली. मुद्दाम. जन्मात पहिल्यांदा माझा रंग ओघळला आणि मी कुणाला शिवी दिली नाही. मग समोर दगडावर बसून बघत राहिलो. कशासाठी ते विचारू नकोस.

मामी शोधत आली. म्हणाली, "जेवायला चला, कलावंत."

मामा

&nbsp;

१९ एप्रिल

चि. खारूस,

मामीचा आशीर्वाद. मला लिहायची सवय नाही, तेव्हा सरळ सांगते. मामाला नेलं. मंगळवारी सकाळी, हातात ब्रश असतानाच.

तू त्याला काय लिहायचीस ते मला ठाऊक नाही, पण तुझं पत्र आलं की तो आरशात बघायचा. ह्या वयात माणसाने आरशात बघू नये.

चौकशी अधिकारी बाहेरून आलाय. आरोप असा की भिंतींवर सरकारविरोधी मजकूर लिहिला. त्यांनी तयार केलेल्या जबाबावर मामाने सही करायची आहे, की ह्या ठिगळांचा अर्थ अमुक अमुक. सही केली तर त्याला सोडणार. पण मग ज्यांच्या ज्यांच्या दारावर ती आहेत ते सगळे त्याच मजकुरासाठी आत जाणार. न्हावी, शिंपी, औषधवाला, अख्खी गल्ली. मामा म्हणतो, काही अर्थ नाही. ते ऐकत नाहीत. काल भेटू दिलं. त्याचं तोंड सुजलंय. मला म्हणाला, दोन दात गेले, तसेही हलतच होते. खोटं बोलतो. त्याचा एकही दात हलत नव्हता.

वकिलाने सांगितलं की आपल्या बाजूने एक जाणकार उभा करता येतो. चित्रातला. तू जाणकार आहेस म्हणे.

ये.

मामी

&nbsp;

२१ एप्रिल

मामी,

येते. सुनावणीच्या दिवशी सकाळच्या बसने उतरेन.

मी तिथे काय बोलणार ते मामाला आधी कळू देऊ नकोस. त्याला नाटक करता येत नाही, आणि मी जे बोलेन ते त्याला आवडणार नाही. तू त्याच्या मागच्याच बाकावर बस. पायात जाड चपला घाल.

खार

&nbsp;

२५ मे

कलाशाळेतल्या विदुषी मॅडम यांस,

सुटून घरी आलो. कळवणं कर्तव्य म्हणून कळवतो. वकिलाने सांगितलं होतं, महिनाभर तुझ्याशी संबंध ठेवू नका, संशय येईल. मला ते जड गेलं नाही.

सुनावणीचं दुःख तुला ठाऊक नसेल तर ऐक. मी त्या खोलीत उभा. तोंड सुजलेलं. दार उघडलं आणि माझी खार आत आली. वाटलं, आता ही सांगेल ह्या लोकांना. दोन वर्षं काळ्यावर काळा मारणारी माझी भाची, हिला तरी कळेल मी काय केलं ते. आणि तू काय म्हणालीस? मला पाठ आहे. "हे चित्र नाही. ह्यात विचार नाही, रंगाची समज नाही. कडा ओघळल्यात, म्हणजे हाताला वळण नाही. हा सामान्य पाटीवाला आहे, आणि पाटीवाल्यांतही बेताचाच."

बेताचाच!

मी ओरडलो. ओरडणारच. "हाताला वळण नाही? तो विटकरी मी मु..." 'मुद्दाम' पूर्ण म्हणायच्या आत मामीने मागून नडगीवर अशी लाथ घातली की पोलीससुद्धा शहारला. मग शांतता बिघडवली म्हणून मला बाहेर काढलं. पुढचं मला माहीत नाही. थोड्या वेळाने एक शिपाई येऊन म्हणाला, घरी जा.

मामी म्हणते, तू मला वाचवलंस. मला कळतं सगळं. मी मूर्ख नाही. तू म्हणालीस म्हणून मी सुटलो आणि गल्लीही सुटली. पण त्या कोठडीत मला रोज विचारायचे, ह्याचा अर्थ काय, आणि मी रोज म्हणायचो, काही नाही. ते म्हणणं सोपं होतं, कारण आत कुठेतरी ठाऊक होतं की एक माणूस आहे ज्याला सांगायची गरज नाही.

नगरपालिकेचं काम गेलं. ब्रश त्यांनी परत दिले, केस उपटून. आत काही लपवलंय का पाहत होते.

एवढंच सांग. तुला ते खरंच बेताचं वाटलं का? खोटं लिहिलंस तर कळेल मला.

मामा

&nbsp;

१ जून

प्रिय मामा,

खोटं लिहीत नाही.

आधी, तुला बाहेर ढकलल्यावर काय झालं ते. अधिकाऱ्याने मला पुन्हा विचारलं, "म्हणजे तज्ज्ञ म्हणून तुमचं मत, की ह्या रंगांना काही अर्थ नाही?" मी म्हटलं, "नाही. डाग आहेत." त्याने फोटो टेबलावर मांडले. एकेक उचलून बघितला. मग चिडून माझ्यासमोर आपटला आणि म्हणाला, "मग मी हे कुठेही पाहिलं की मला 'निवडणूक कधी' असंच का वाचता येतं?"

कोपऱ्यात टंकलेखक बाई बसल्या होत्या, त्यांनी टकटक करत तेही उतरवलं. मग बोटं थांबली.

मी म्हटलं, "साहेब, मी कसं सांगू? भिंतीवर तर काही नाही. तुम्हाला कशामुळे दिसतं?"

तो टंकलेखक बाईंकडे वळला. "ते खोडा."

बाई म्हणाल्या, "खोडता येत नाही साहेब, कार्बन आहे. वरच्या कचेरीत प्रत जाते." आणि अगदी नम्रपणे विचारलं, "हे वाक्य कोण म्हणालं म्हणून लिहू?"

आरोपीने ते शब्द उच्चारले नव्हते. मी नव्हते, वकिलाने नव्हते. त्या सबंध सुनावणीत ते फक्त त्याच्याच तोंडून निघाले होते. त्याने कागद कार्बनसकट मशीनमधून ओढून काढला, चुरगाळून खिशात घातला, आणि म्हणाला की पुराव्याअभावी प्रकरण संपलं. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनी मात्र बघितलं. मला वाटतं, त्या हसू दाबत होत्या.

आता तुझा प्रश्न.

त्या दिवशी सकाळी बसमधून उतरले ती सरळ दवाखान्यामागे गेले. तुझ्या पत्रात होती ना, म्हणून. ऊन नव्हतं आलेलं अजून. टपरीवरचा चहा घेऊन त्या भिंतीपुढे उभी राहिले आणि चहा तसाच गार झाला. मामा, मला हेवा वाटला. चक्क जळले मी. तो खालचा हिरवा विटकरीतून जेमतेम श्वास घेतोय, आणि ती ओघळलेली कड... मला ते जमलेलं नाही. कधी जमेल की नाही ठाऊक नाही. मी ज्याच्यावर चिडले होते त्याच्यावरच तूही हात फिरवत होतास, पण माझ्या काळ्याखाली काय आहे ते मला एकटीला ठाऊक होतं. तुझ्या रंगाखाली काय आहे ते गावाला ठाऊक होतं. शाळेत हे शिकवत नाहीत, आणि मी तर शिकवायलाच आहे तिथे.

आणि मग तिथून चालत जाऊन, त्याच भिंतीचा फोटो हातात घेऊन, तुझ्या तोंडावर बोलले की ह्याला वळण नाही. तुझं सुजलेलं तोंड समोर दिसत होतं. जे शब्द लोक माझ्या चित्रांना लावतात तेच एकेक उचलून तुला लावले, कारण दुसरे आठवत नव्हते. परतीच्या बसमध्ये मामीचा भाऊ दोनदा गाडी थांबवून विचारून गेला, पाणी हवं का.

वखारीवरचं खरोखर बेताचं आहे. टाकीवरचं घाईत केलेलं दिसतं. शाळेच्या कुंपणावरचं बरं. दवाखान्यामागचं थोर आहे. हे मी तज्ज्ञ म्हणून सांगतेय आणि कुठल्याही अधिकाऱ्यापुढे नाकबूल करीन.

तुझी
खार

&nbsp;

११ ऑगस्ट

माझ्या खारूताई,

वखारीवरचं बेताचं नाही. ऊन चुकीच्या बाजूने असताना फोटो काढलाय. बाकी पत्र बरं आहे. मामीला वाचून दाखवलं, 'थोर' हा शब्द दोनदा. ती म्हणाली, डोक्यात जाईल. गेलाय.

उत्तराला उशीर झाला, कारण इथे रोज नवीन तमाशा होता आणि तो संपेपर्यंत थांबलो. नवा पूल झालाय. त्याच्या उद्घाटनाला साक्षात साहेब येणार असं ठरलं, आणि वरून हुकूम आला की ते यायच्या आत गावात एकही ठिगळ दिसता कामा नये. ट्रक भरभरून रंग आला. एकच, राखाडी. पंप घेऊन माणसं आली आणि त्यांनी गाव रंगवलं. भिंती रंगवल्या, दारं रंगवली, शटर, टाकी, दिव्यांचे खांब, शाळेची घंटा. न्हाव्याच्या दुकानाबाहेरचं बाकडं रंगवलं, त्यावर झोपलेल्या कुत्र्यासकट. दवाखान्यामागची भिंतही गेली. मी तिथे उभा होतो. पंपवाला म्हणाला, "काका, सरका." सरकलो. तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मामीने हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही, गुडघा दुखत असताना.

साहेब आले. नाक खरंच केवढं मोठं आहे गं! मी रंगवलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

गाडीतून उतरले आणि बघतच राहिले. इकडून तिकडे राखाडी. वरती आभाळसुद्धा नेमकं त्याच रंगाचं. मुख्याधिकाऱ्याला विचारलं, "हे गाव असं का?"

"स्वच्छता मोहीम, साहेब."

साहेब चालत भिंतीपाशी गेले आणि तळवा टेकवला. रंग ओला. पंजा राखाडी झाला. हाताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग विचारलं, "खाली काय होतं?"

मुख्याधिकारी आपले बूट बघायला लागला. साहेबांनी न्हाव्याला विचारलं. न्हावी म्हणाला, "कुठे, साहेब?" औषधवाल्याला विचारलं. तो खोकायला लागला, तेही असं की त्याच्याच दुकानातलं औषध द्यावं लागलं. बरोबरच्या अधिकाऱ्यांना तर सगळं ठाऊक असणार, पण त्यांच्यात कोणाची छाती होती ते दोन शब्द साहेबांच्या तोंडावर म्हणायची? एकेकाचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला.

मग माझ्यापाशी आले. "तुम्ही सांगा. खाली काय होतं?"

मी चष्मा काढला. सदऱ्याला पुसला. घातला. भिंतीजवळ जाऊन वरून खाली, डावीकडून उजवीकडे नीट पाहिलं, तज्ज्ञ पाहतात तसं. म्हटलं, "काही नाही, साहेब."

ते चिडले. चौकातल्या सगळ्या माणसांकडे वळून पुन्हा विचारलं, मोठ्याने. एवढा जमाव, पण कुणी हूं की चूं केलं नाही. खार, तू तिथे असायला हवी होतीस. इतकी वर्षं आम्ही विचारतोय आणि ते गप्प. त्या दिवशी ते विचारत होते आणि आम्ही गप्प होतो. त्यांच्या लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही. आमच्या आलं.

पुलाची फीत कापायला गाडी निघाली, तर ह्यांनी काच खाली केली, मान बाहेर काढली, आणि पार नदीपर्यंत ओरडत गेले, "अरे, कुणीतरी सांगा, खाली काय होतं?"

आम्ही सगळ्यांनी हात हलवून त्यांना निरोप दिला.

तुझा
मामा